ट्रॅव्हल ट्रेलरचं नवं वायरिंग: अर्थिंग आणि बाँडिंग कसं करावं

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, आणि बाँडिंग म्हणजे तारा आणि धातूचे भाग एकमेकांना पक्के जोडणं. अमेरिकेतल्या घरात न्यूट्रल आणि अर्थ मुख्य पॅनेलमध्ये एकत्र जोडलेले असतात. घराच्या वायरिंगवर हात बसलेला माणूस सवयीने ट्रेलरमध्येही तेच करून बसतो, आणि तिथेच घोळ होतो. नॅशनल इलेक्ट्रिकल कोड या अमेरिकेतल्या वायरिंगच्या नियमावलीच्या कलम ५५१ प्रमाणे न्यूट्रल-अर्थची ही गाठ पुरवठ्याच्या बाजूला, ट्रेलरच्या बाहेर असते. आत दोन्ही वेगळेच राहिले पाहिजेत.

१. पुरवठ्याची केबल काढा, जनरेटर आणि इन्व्हर्टर बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा.

२. घरगुती पॅनेलसोबत हिरवा स्क्रू किंवा पट्टी येते, ती न्यूट्रल बार पेटीला जोडते. ती बसवू नका. आधीपासून असेल तर काढा. पांढऱ्या तारा न्यूट्रल बारवर, हिरव्या आणि उघड्या तांब्याच्या तारा पेटीला कसलेल्या अर्थ बारवर. तो स्क्रू राहिला, केबलची अर्थ पिन तुटलेली असली आणि त्यात न्यूट्रल सुटला, तर चालू उपकरणातून फेज सरळ बाहेरच्या पत्र्यावर येतो. दाराची कडी धरणारा ओल्या जमिनीवर उभा असतो.

३. अर्थ बारपासून चासीपर्यंत ८ गेजची (अमेरिकन गेज, AWG) तांब्याची तार न्या. जोडाच्या जागी रंग आणि गंज खरवडून लोखंड चकचकीत करा, आरपार भोक पाडा, मग लग (तारेच्या टोकाला बसणारी धातूची कडी), दातेरी वॉशर आणि नट-बोल्ट. पत्र्याचा स्क्रू इथे चालत नाही. हादऱ्यांनी तो सैल होतो. जोड कसल्यावर वरून रंग मारा. कन्व्हर्टरच्या (१२० व्होल्टचा एसी पुरवठा बॅटरीच्या डीसीत बदलणाऱ्या यंत्राच्या) पेटीलाही अशीच ८ गेजची तार चासीशी हवी. धातूची गॅस पाइप आणि बाहेरच्या आवरणाचा सर्वांत खालचा पत्राही चासीला जोडलेला असावा.

४. आता मल्टिमीटर. न्यूट्रल बार ते अर्थ बार: सर्किट उघडं दिसलं पाहिजे. आकडा आला तर ब्रेकर पाडून दोष सापडणार नाही, कारण ब्रेकर फक्त फेज तोडतो. पांढऱ्या तारा एकेक करून बारवरून सोडा; जी सोडल्यावर आकडा जातो, तिच्या मागे लागा. बहुधा स्टेपलखाली चेपलेली केबल निघते, नाहीतर वॉटर हीटरचं फुटलेलं एलिमेंट. नंतर प्लगची अर्थ पिन ते चासी, पत्रा, गॅस पाइप मोजा: मीटरच्या तारांचा रोध वजा करून १ ओहमच्या आत.

५. बॅटरीवर चालताना इन्व्हर्टर हाच पुरवठा असतो, म्हणून गाठ तेव्हा त्याच्यात हवी. इन्व्हर्टर असेल तर तो बॅटरीवर चालताना स्वतः न्यूट्रल-अर्थ जोडणारा आणि बाहेरचा पुरवठा येताच तोडणारा घ्या.

जमिनीत सळई ठोकून चासीला जोडली की झालं, हा समज मात्र सोडा. सळईचा रोध २५ ओहम धरला तर १२० व्होल्टवर तिच्यातून ४.८ अँपिअर जातात. तेवढ्याने १५ अँपिअरचा ब्रेकरही पडत नाही, आणि पत्रा जिवंतच राहतो.