राउटरला डिस्क लावताय? या चुका टाळा

बेळगावात गल्लोगल्ली फायबर आली आणि दुकानदारांपुढे एक नवी मागणी उभी राहिली: "वायफायपण होऊ दे आणि फोटोपण त्यातच सेव्ह होऊ देत." आतच डिस्क बसवलेला घरगुती राउटर आता बाजारात जवळपास मिळत नाही. मिळतो तो यूएसबी पोर्टवाला राउटर. त्याला बाहेरून डिस्क जोडायची आणि घरातल्या सगळ्यांनी ती वापरायची. सोय चांगलीच आहे. बिघडतं ते बहुतेक वेळा पहिल्याच आठवड्यात, आणि कारणंही ठरलेली असतात.

अॅडॅप्टरकडे न बघणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक, आणि दोष मात्र दरवेळी डिस्कवर जातो.

खानापूर भागातल्या एका घरातली गोष्ट. राउटर नवा, दोन टीबीची छोटी पोर्टेबल डिस्कही नवी. शेताचे उतारे, मुलांची मार्ककार्डं व्यवस्थित कॉपी झाली. लग्नाचा व्हिडिओ टाकायला घेतला की मात्र मध्येच तुटायचा, कधी वीस टक्क्यांवर, कधी सत्तर. दुकानात फोन गेला: "मामा, डिस्क खराब आलीय बघा." डिस्क बदलून आणली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी कोणीतरी कॉपी चालू असताना डिस्क कानाला लावली. टिक्, थोडी घरघर, पुन्हा टिक्. त्याच क्षणी राउटरचे सगळे दिवे जाऊन परत येत होते.

दुखणं होतं अॅडॅप्टरमध्ये. राउटरसोबत आलेला अॅडॅप्टर टीव्हीच्या बॉक्सला गेला होता आणि राउटरला लागला होता 12 व्होल्ट 1 अँपिअरचा, म्हणजे 12 वॅटचा. दोन्ही वायफाय बँड (2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ) जोरात चालू असले की राउटरच सात-आठ वॅट खातो. पोर्टेबल डिस्क सुरू होताना क्षणभर 5 व्होल्टवर एक अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे आणखी पाच वॅट. लहान फाइल निभावून जाते. मोठ्या फाइलला वायफाय आणि डिस्क दोन्ही एकदम राबतात, व्होल्टेज खाली येतं आणि राउटर रीस्टार्ट होतो. लिहिता लिहिता डिस्कची वीज गेली की फाइल अर्धवट राहतेच, वर फोल्डरची यादीही बिघडू शकते.

म्हणून आधी राउटरच्या तळाचं लेबल वाचा. तिथे 12 व्होल्ट 2 अँपिअर लिहिलं असेल तर तेवढाच किंवा जास्त अँपिअरचा अॅडॅप्टर लावा. अँपिअर जास्त चालतात, व्होल्ट मात्र तंतोतंत तेच हवेत. पिन घट्ट बसते का बघा, 2.1 आणि 2.5 मिलिमीटरच्या पिना दिसायला सारख्याच असतात आणि सैल पिनही हाच खेळ करते. यूएसबी 2.0 पोर्ट नियमाने 500 मिलिअँपिअर देतो, 3.0 पोर्ट 900. आत तबकडी फिरणारी डिस्क असेल तर सरळ स्वतःचा अॅडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घाला. "वाय केबल लावा की, चालतंय," असं सांगणारे खूप भेटतील. जास्त वीज घ्यायला दोन यूएसबी टोकं असलेली ही केबल. दोन्ही टोकं त्याच राउटरमध्ये जाणार असतील तर वीज येणार कुठून?

लाइट जाण्याचं गणितही इथेच लागतं. राउटर मिनी यूपीएसवर आणि डिस्क भिंतीच्या प्लगवर, ही जोडणी सर्रास दिसते. लाइट गेली की राउटर जागा, डिस्क मेलेली. दोन्ही एकाच बॅकअपवर ठेवा. घरचा इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर करा, नाहीतर बदलाच्या त्या क्षणात राउटर रीस्टार्ट होतो. आणि एप्रिल-मेमध्ये वळीव गडगडायला लागला की प्लग काढा. केबलवाल्याची तांब्याची वायर येत असेल तर तीही काढा, नुसता प्लग काढून भागत नाही.

एकदा असा झटका बसला की डिस्क दिसते, पण त्यात नवीन काही टाकता येत नाही. घाईवाले लगेच फॉरमॅट मारतात. तसं करू नका. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राउटरच्या सेटिंगच्या पानावरून डिस्क सुरक्षित काढा, विंडोजच्या लॅपटॉपला लावा, ड्राइव्हवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. डिस्क एनटीएफएस (विंडोजची फाइली मांडायची पद्धत) असेल तर बऱ्याचदा एवढ्यात ती पुन्हा लिहू देते.

कुठे तुटतं ते न बघणं

फाइल दरवेळी बरोबर 4 जीबीला अडत असेल तर डिस्क फॅट32 (फाइली मांडायची जुनी पद्धत) आहे. त्यात त्याहून मोठी फाइल मावतच नाही. डेटा दुसरीकडे काढून एनटीएफएस करा. कुठेही तुटत असेल आणि राउटरही बंद पडत असेल तर वर सांगितलेला अॅडॅप्टर. तुटत नाही पण रांगतं, तर पुढे वाचा.

बॉक्सवरच्या आकड्याला भुलणं

बॉक्सवर वायफायचा वेग म्हणून 1200 लिहिलेलं असतं. ती 2.4 गिगाहर्ट्झचे 300 आणि 5 गिगाहर्ट्झचे 867 यांची बेरीज असते, तीही कागदावरची. त्याच राउटरची मागची पोर्टं कित्येकदा 100 एमबीपीएसची (सेकंदाला मेगाबिट) निघतात. तिथून सेकंदाला फार तर 11 एमबी (मेगाबाइट) जातात, म्हणजे 500 जीबीला साडेबारा तासांवर. गिगाबिट पोर्ट असेल आणि डिस्क-राउटर दोघांना झेपत असेल तर तेच काम सव्वा-दीड तासाचं. शिवाय स्वस्त राउटरचा प्रोसेसर एनटीएफएसवर लिहिताना दमतो. घेताना तीन गोष्टी विचारा: पोर्टं गिगाबिट आहेत का, यूएसबी 3.0 आहे का, आणि एसएमबीची (विंडोज ज्या पद्धतीने नेटवर्कवरची डिस्क उघडतं तिची) दुसरी किंवा तिसरी आवृत्ती चालते का. तिसऱ्या प्रश्नावर दुकानदार गप्प झाला तर मॉडेल नंबर लिहून घ्या आणि कंपनीच्या पानावर बघा. अँटेना मोजत बसू नका.

पहिला बॅकअप केबलनेच करा. वायफायवरून पहिले 500 जीबी ढकलणारे दुसऱ्या दिवशी "स्लो आहे ओ" म्हणून येतात.

यूएसबी 3.0 ची केबल आणि डिस्क 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये गोंगाट करतात. डिस्क राउटरच्या डोक्यावर ठेवू नका, हातभर लांब ठेवा.

जुन्या घरांच्या जाड जांभ्याच्या भिंतींतून 5 गिगाहर्ट्झ फारसा पलीकडे जात नाही. राउटर देवघराच्या कोनाड्यात ठेवून माडीवर बॅकअप होईल ही आशा सोडा.

एसएमबी1 चालू करणं आणि पासवर्ड न घालणं

विंडोज नवं झालं आणि राउटरची डिस्क दिसेनाशी झाली, ही तक्रार रोजची. विंडोज 10 ने 2017 पासून एसएमबी1, म्हणजे एसएमबीची पहिली आवृत्ती, आपणहून बसवणं बंद केलं. विंडोज 11 प्रोमध्ये 24एच2 या अपडेटपासून बिनपासवर्डाची, डिजिटल सहीशिवायची जोडणीही नाकारली जाते. यावर सगळीकडे फिरणारा सोपा उपाय म्हणजे एसएमबी1 पुन्हा चालू करणं. याच दारातून मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप घालून पैसे मागणारा व्हायरस, घुसला होता. त्यापेक्षा राउटरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, शेअरिंगला यूजर आणि पासवर्ड द्या, विंडोजमध्ये तेच घाला. तरीही जमत नसेल तर तो राउटर वायफायपुरता ठेवा आणि डिस्क काढून घ्या.

बाहेरगावाहून फोटो बघायचे म्हणून राउटरमधली एफटीपी (बाहेरून फाइली उघडायची सोय) इंटरनेटवर उघडी टाकू नका. 2014 मध्ये एका मोठ्या कंपनीच्या हजारो राउटरांना लावलेल्या डिस्का जगाला खुल्या सापडल्या होत्या.

सेकंडहँड टाइम कॅप्सूल, म्हणजे आतच डिस्क असलेला अॅपलचा राउटर, स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. अॅपलने तो 2018 मध्ये बंद केला. शेवटचं मॉडेल 2013 चं, आतली डिस्कही जुनीच असणार.

फाइलींची नावं मराठीत किंवा कन्नडमध्ये असतील तर आधी पाच फाइली टाकून बघा. काही राउटर त्यांची प्रश्नचिन्हं करून ठेवतात.

"हलवलं" म्हणजे बॅकअप समजणं

फोन भरला, फोटो राउटरच्या डिस्कवर टाकले, फोनमधून उडवले. आता सांगा, प्रती किती? एकच, आणि तीही चोवीस तास गरम राहणाऱ्या, पोरांच्या पायात येणाऱ्या डिस्कवर. फोटो फोनमध्ये असेपर्यंतच तो बॅकअप होता. शिवाय लॅपटॉपला ती डिस्क कायम जोडलेली असेल तर लॅपटॉपात शिरलेला रॅन्समवेअर तिलाही कुलूप घालतो.

दुसरी साधी डिस्क घ्या. महिन्यातून एकदा लावायची, कॉपी करायची, काढून कपाटात ठेवायची. जमलं तर निपाणीला बहिणीच्या घरी. लॅपटॉपसाठी फाइली माउसने ओढून टाकण्यापेक्षा विंडोजची फाइल हिस्ट्री लावा, म्हणजे चुकून बदललेल्या फाइलची जुनी आवृत्तीही मिळते. आणि कॉपी झाल्यावर कुठलाही एक मोठा व्हिडिओ उघडून त्याची शेवटची दोन मिनिटं चालवून बघा. अर्धवट कॉपी झालेली फाइल सुरुवातीला व्यवस्थित चालू शकते, अडकते ती वरातीच्या वेळी.