वॉक सायकल कशी करावी: चोवीस फ्रेममध्ये चालणारं पात्र

बाउन्सिंग बॉल आणि पेंड्युलम हातावेगळे झाले की अ‍ॅनिमेशनच्या वर्गात वॉक सायकल, म्हणजे पुन्हापुन्हा फिरवता येणारी दोन पावलांची चाल, येते आणि बरेच जण इथेच अडकतात. कारण सगळं लक्ष पायांकडे जातं. पाय बिचारे टेकू देतात. वजन दिसतं ते कंबरेत. कंबरेचा आलेख बरोबर असेल तर साधी ठोकळ्यांची आकृतीही चालते. तो चुकला तर कितीही देखणं पात्र घ्या, ते तरंगतं.

इथली कृती ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरची आहे. माया शिकत असाल तर बटणं बदलतील, फ्रेमचे आकडे तेच राहतील. रिग (पात्राच्या आतला हाडांचा सांगाडा आणि तो हलवायचे कंट्रोल) ब्लेंडरमधल्या रिगिफायचा किंवा तसाच, पायाला आयके (पाऊल सरकवलं की गुडघा आपोआप वाकतो ती पद्धत) आणि टाचेचा रोल कंट्रोल असलेला घ्या. मापं साधारण १७० सेंटिमीटर उंचीच्या आणि ९० सेंटिमीटर पायाच्या पात्रासाठी आहेत. तुमचं पात्र बुटकं असेल तर त्याच प्रमाणात कमी करा.

आधी चालून बघा

मित्राला चालायला लावा आणि मोबाइलवर एकदा बाजूने, एकदा समोरून चित्रण करा. मोबाइल कंबरेच्या उंचीवर टेकवून ठेवा. हातात धरून वरून काढलं तर कंबरेचं वर-खाली होणं दिसतच नाही. सात-आठ पावलं चालू द्या आणि मधली दोनच वापरा, कारण पहिल्या पावलांत वेग घेतलेला असतो आणि शेवटच्यांत थांबायची तयारी. मोबाइल बहुधा सेकंदाला ३० फ्रेम टिपतो आणि आपण २४ वर काम करणार आहोत. म्हणून व्हिडिओतले फ्रेम मोजून तसेच उतरवू नका, पावलाला किती सेकंद लागले ते मोजा. रमतगमत नाही, घाईतही नाही, अशा चालीत एका पावलाला साधारण अर्धा सेकंद लागतो. म्हणजे १२ फ्रेम, आणि दोन पावलांचं पूर्ण चक्र २४ फ्रेमचं.

फाइलची मांडणी

फ्रेम रेट २४ ठेवा. सुरुवात १, शेवट २४. की (त्या फ्रेमवर नोंदवलेली पोझ) मात्र २५ व्या फ्रेमवरही लावायची आहे, हुबेहूब पहिल्या फ्रेमची नक्कल. शेवटही २५ ठेवला तर तीच पोझ लागोपाठ दोन फ्रेम दिसते आणि दर सेकंदाला पात्र अडखळतं.

टाइमलाइनच्या प्लेबॅक यादीत सिंक ‘फ्रेम ड्रॉपिंग’वर ठेवा. नाहीतर ब्लेंडर प्रत्येक फ्रेम दाखवत बसतो, लॅबमधल्या जुन्या पीसीवर वेग १४-१५ वर येतो, चाल संथ वाटते आणि मुलं बरोबर असलेलं टायमिंग बिघडवून ठेवतात. वेग घसरला की व्ह्यूपोर्टच्या कोपऱ्यातला आकडा लाल होतो. तो लाल असताना टायमिंगबद्दल कसलाही निर्णय घेऊ नका. केस, कपडे, सबडिव्हिजन बंद करा.

रिगमध्ये दोन बदल आत्ताच करून टाका. रिगिफायचे हात मुळात आयकेवर असतात, ते एफकेवर (खांद्यापासून एकेक सांधा वळवायची पद्धत) न्या. आयकेवर हाताचा पंजा दोन कींच्या मध्ये सरळ रेषेत सरकतो आणि झोक्याची कमान मरते. दुसरं म्हणजे पायाचा आयके-स्ट्रेच शून्यावर आणा. तो चालू राहिला तर पाय पोहोचत नसताना रबरासारखा लांबतो आणि चूक झाकली जाते.

ऑटो-की चालू करा. प्रेफरन्सेसमध्ये नव्या कींचं इंटरपोलेशन ‘कॉन्स्टंट’ करा, म्हणजे पोझ एकेक करून खटाखट बदलतील, मधलं काही संगणक स्वतः भरणार नाही. हेच ब्लॉकिंग.

चार पोझ

उजवा पाय पुढे घेऊन सुरू करू. पात्र जागेवरच चालणार, ट्रेडमिलवर चालल्यासारखं. खाली टोर्सो कंट्रोलची (कंबर आणि धड एकत्र हलवणाऱ्या) उंची ताठ उभ्या स्थितीपासून किती खाली, ते सेंटिमीटरमध्ये दिलं आहे. पायाचं अंतर कंबरेच्या खालच्या बिंदूपासून पुढे-मागे आहे.

फ्रेम १, कॉन्टॅक्ट. टोर्सो ५ खाली. उजवा पाय ३५ पुढे, रोल कंट्रोलने चवडा २०-२५ अंश वर, टाच जमिनीवर. डावा पाय ३५ मागे, टाच उचललेली, चवड्यावर. पुढचा गुडघा पूर्ण ताठ करू नका, किंचित बाक राहू द्या. कंबर अशी वळवा की उजवा खुबा पुढे येईल. छाती उलट दिशेला, डावा खांदा पुढे. डावा हात पुढे, उजवा मागे. मान मात्र समोरच. छातीबरोबर डोकंही डोलायला लागलं तर पात्र चालत नाही, नाचतं.

फ्रेम ४, डाउन. सगळं वजन उजव्या पायावर उतरलं. टोर्सो ७ खाली, अख्ख्या चक्रातली सर्वांत खालची जागा. उजवा तळवा सपाट, गुडघा चांगला वाकलेला, पाय १७.५ पुढे. डावा पाय ५२.५ मागे, बोटांची टोकं सुटायच्या बेतात. हातांचा झोका सर्वांत मोठा इथे येतो, कॉन्टॅक्टवर नव्हे. ही पोझ भित्रेपणाने करू नका. वर्गात दिसणाऱ्या तरंगत्या चालींपैकी बहुतेकींत डाउनच नीट खाली गेलेला नसतो.

फ्रेम ७, पासिंग. टोर्सो ३ खाली. उजवा पाय बरोबर कंबरेखाली, जवळजवळ सरळ. डावा गुडघा वाकून पुढे निघालेला, चवडा जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर. आता पात्र समोरून बघा: टोर्सो उजवीकडे २-३ सेंटिमीटर सरकवा, डावा खुबा थोडा खाली पडू द्या. एका पायावर उभं राहून पाहा, तुमचं शरीर आपोआप हेच करतं.

फ्रेम १०, अप. टोर्सो २ खाली, सर्वांत वरची जागा. उजवा पाय १७.५ मागे, टाच नुकती सुटलेली. डावा पाय पुढे झेपावलेला, अजून हवेत.

प्रत्येक पोझला ए दाबून सगळे कंट्रोल निवडा आणि आय दाबून की लावा. जुन्या आवृत्तीत यादी उघडली तर लोकेशन, रोटेशन, स्केल निवडा. एखादाच कंट्रोल की विना राहिला तर तो पुढे भलत्याच जागी सापडतो.

दुसरं पाऊल

डावं पाऊल हाताने करायचं नाही. पहिल्या फ्रेमवर सगळे कंट्रोल निवडून कंट्रोल-सी, १३ व्या फ्रेमवर जाऊन कंट्रोल-शिफ्ट-व्ही. ही उलटी, आरशातली पोझ. तसंच ४ वरून १६, ७ वरून १९, १० वरून २२. शेवटी पहिली पोझ साध्या कंट्रोल-व्हीने २५ वर.

एखादा अवयव उलटत नसेल तर हाडाचं नाव तपासा. डाव्या-उजव्या हाडांच्या नावाशेवटी एल आणि आर हवेत, आणि बाकीचं नाव दोन्हीकडे तंतोतंत सारखं.

आता चालवून पाहा. पोझ उड्या मारत बदलतील, पण चाल ओळखू यायला हवी. ती इथे ओळखू येत नसेल तर मऊ केल्याने येणार नाही. पुढे जाऊ नका.

ग्राफ एडिटर

इथे प्रत्येक हालचाल कर्व्ह, म्हणजे आलेखाच्या रेषेने, दिसते. सगळ्या की निवडून टी दाबा आणि इंटरपोलेशन बेझिअर, म्हणजे मऊ वळणांचं, करा. मग शिफ्ट-ईने कर्व्ह सायक्लिक, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणारे, करा. हँडल (कीपाशी कर्व्हचं वळण ठरवणारे दांडे) ‘ऑटो क्लॅम्प्ड’ असतील तर २४ वरून १ वर जाताना धार राहत नाही.

फक्त टोर्सोचे कर्व्ह उघडा. वर-खालीच्या कर्व्हला २४ फ्रेममध्ये दोन टेकड्या हव्यात, कारण शरीर प्रत्येक पावलाला एकदा खाली जातं. डावीकडे-उजवीकडेच्या कर्व्हला एकच लाट हवी. वर-खालीला एकच टेकडी दिसली, किंवा एक उंच आणि एक बुटकी, तर कुठली तरी पोझ चुकीच्या फ्रेमवर चिकटली आहे. चाल ‘लंगडी वाटते, पण का ते कळत नाही’ अशी तक्रार असते तेव्हा उत्तर बहुधा इथेच मिळतं.

मग पाय. टेकलेला पाय मागे जातो तो एकाच वेगाने जायला हवा: १२ फ्रेममध्ये ७० सेंटिमीटर, म्हणजे फ्रेमला ५.८ च्या आसपास. बेझिअर या रेषेला सुरुवातीला आणि शेवटी मंद करतो आणि पाय बर्फावर असल्यासारखा घसरतो. म्हणून उजव्या पायाच्या पुढे-मागेच्या कर्व्हमधल्या १, ४, ७, १०, १३ या की निवडून लिनियर (सरळ रेषेच्या) करा. लिनियरचा परिणाम त्या कीच्या पुढच्या तुकड्यावर होतो, म्हणून १६ निवडायची नाही. तिथून पाय हवेत आहे, तो तुकडा बेझिअरच राहू दे. डाव्या पायाला याच न्यायाने १३, १६, १९, २२ आणि १. कुठला अक्ष पुढे-मागेचा आहे ते कंट्रोल सरकवून पाहा. ब्लेंडरमधली पात्रं सहसा उणे वायकडे तोंड करून असतात, त्यामुळे आकडे उलट्या चिन्हाचे दिसू शकतात.

गुडघा उडतो तेव्हा

बाजूने एकेक फ्रेम पुढे न्या. पाय एका फ्रेमला पूर्ण ताठ आणि पुढच्याला वाकलेला असेल तर गुडघा टचकन उडतो. आयकेमध्ये गुडघ्याला स्वतःची की नसते, त्यामुळे कर्व्हमध्ये शोधून काही मिळणार नाही. पोटरीच्या हाडाचा मोशन पाथ (दर फ्रेमला हाड कुठे आहे ते ठिपक्यांनी दाखवणारी रेषा) काढा. ठिपके एका जागी अचानक लांब पडलेले दिसतील. कारण जवळपास नेहमी एकच असतं: त्या फ्रेमला कंबर पायाच्या आवाक्याबाहेर आहे. टोर्सो एक सेंटिमीटर खाली घ्या. पाय हलवू नका, नाहीतर आत्ताच सरळ केलेली रेषा मोडेल.

हात शेवटी

दंडाचे कर्व्ह आहेत तसे ठेवा. कोपराखालच्या हाताच्या सगळ्या की दोन फ्रेम उजवीकडे सरकवा, मनगटाच्या चार. कर्व्ह सायक्लिक असल्यामुळे सुरुवातीला पडलेली पोकळी मागच्या फेरीने भरून निघते. त्याहून जास्त सरकवलं तर हात ओल्या फडक्यासारखे लोंबतात.

मग त्याच चालीत माणूस घाला

साधी चाल बसली की तिची प्रत ठेवून दुसरीवर काम करा. समजा उजव्या हातात भरलेली बादली आहे. धड डावीकडे कलतं, डावा हात अंगापासून सुटतो, बादलीचा हात जवळजवळ हलतच नाही. पाऊल ७० वरून ५० वर येतं, म्हणजे टेकलेला पाय फ्रेमला ५.८ ऐवजी ४.२ सेंटिमीटर मागे जायला हवा. पायाचे सगळे आकडे त्या हिशेबाने पुन्हा घाला. आरशातली पोझ मात्र इथे चालत नाही, कारण दोन्ही पावलं आता वेगळी आहेत: उजव्या पावलाला डाउन जास्त खोल, डाव्याला उथळ. टोर्सोच्या कर्व्हवर एक टेकडी बुटकी दिसेल, आणि या वेळी ती तशीच हवी आहे.