टाकोस दे कानास्ता: टोपलीतले मऊ मेक्सिकन टाको घरी कसे करावेत

मेक्सिको सिटीत हे टाको सायकलवर, निळ्या प्लॅस्टिकचं अस्तर लावलेल्या टोपलीतून विकले जातात. त्लास्काला राज्यातलं सान व्हिसेंते शिलोशोचित्ला हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. यांना चुलीवरची वाफ लागत नाही. गरम टॉर्टिया (मक्याची पातळ पोळी), गरम सारण आणि वरून ओतलेलं कडकडीत तेल यांची ऊब टोपलीत कोंडली की टाको आपल्याच वाफेत मऊ पडतात. त्यामुळे मोदकपात्र काढू नका. खालून वाफ लागली की टॉर्टिया पाणी पिते आणि उचलताना फाटते.

टॉर्टिया (24 नग)

मासा हरिना 325 ग्रॅम, कोमट पाणी सुमारे 425 मिली, चिमूटभर मीठ. भाकरीचं साधं मक्याचं पीठ इथे चालत नाही. मासा हरिनाचा मका चुन्याच्या पाण्यात शिजवलेला असतो. त्याने दाण्याचं साल सुटतं आणि पिठाला चिकटपणा येतो. साध्या पिठाची टॉर्टिया दुमडताच तुटते.

पीठ मळून 20 मिनिटं झाकून ठेवा. 30 ग्रॅमचे गोळे करून दोन प्लॅस्टिकच्या तुकड्यांमध्ये 13 सेंमीपर्यंत दाबा. कडा चिरल्या तर पाणी कमी पडलंय, प्लॅस्टिकला चिकटलं तर जास्त झालंय. कडक तापलेल्या तव्यावर 20 सेकंदांनी उलटा, दुसरी बाजू 45 सेकंद भाजा, पुन्हा उलटून फुगेपर्यंत ठेवा. लगेच फडक्यात गुंडाळा.

सारण

मेक्सिकोत बटाटा, घेवडा आणि दाबलेलं चिचारोन (डुकराची तळलेली कातडी) ही नेहमीची सारणं. घरी पहिली दोन पुरेत.

400 ग्रॅम बटाटे सालासकट उकडा, सोलून कुस्करा आणि मीठ घालून कोरड्या कढईत वाफ जाईपर्यंत परता. 150 ग्रॅम काळा घेवडा (नसेल तर राजमा) रात्रभर भिजवून प्रेशर कुकरमध्ये मऊ शिजवा, निथळा, ठेचा आणि 3 मोठे चमचे तेलात आटवा. उलथनं फिरवल्यावर कढईचा तळ क्षणभर उघडा राहिला पाहिजे. इथे घाई केली तर पुढचं सगळं बिघडतं, कारण सारणातलं जादा पाणी टॉर्टियाच शोषते.

लाल तेल

5 ग्वाहियो (मेक्सिकन सुक्या लाल) मिरच्या बिया काढून गरम पाण्यात 20 मिनिटं भिजवा. मिळाल्या नाहीत तर ब्याडगी घ्या, रंग तसाच येतो. 2 लसूण पाकळ्यांबरोबर वाटा, गाळा आणि 200 मिली तेलात मंद आचेवर शिजवा. सुरुवातीला तेल तडतडतं. आवाज थांबून वर लाल तेल आलं की पाणी गेलं असं समजा. या तेलाने टॉर्टियावर थर बसतो आणि ती वाफेत विरघळत नाही. तेल कमी करायचा मोह होतो, पण तसं केलं की हे टाको जमत नाहीत.

रचणं

जाड झाकणाच्या कॅसरोलमध्ये किंवा आइसबॉक्समध्ये टॉवेल पसरा, त्यावर बटर पेपरचे दोन थर. टॉर्टिया गरम असतानाच दोन्ही बाजूंना लाल तेल चोपडा, मध्ये एक चमचा सारण, आणि अर्धी दुमडा. गार टॉर्टिया घडीवरच फाटते. टाको एकमेकांवर किंचित चढवून लावा, प्रत्येक थरावर कांद्याच्या पातळ चकत्या टाका. उरलेलं तेल धूर येईपर्यंत नको, पण कांद्यावर ओतताच चर्रकन आवाज येईल इतकं तापवा आणि सगळीकडे ओता.

वर कोरडा जाड कागद, मग टॉवेल, मग झाकण. कागद विसरला तर झाकणाला लागलेलं पाणी परत टाकोवर टपकतं. 45 मिनिटं ते एक तास उघडू नका. डोकावून बघितलं की कोंडलेली ऊब जाते.

चटणी

4 हिरवे कच्चे टोमॅटो उकळून 3 हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, मीठ आणि अर्धा अवोकाडो घालून वाटा. सोबत व्हिनेगरमधल्या हालापेन्यो (मेक्सिकन हिरवी मिरची) आणि गाजराच्या चकत्या हव्यातच.

डब्यातलं तापमान 60 अंशांखाली गेलं तर दोन तासांत संपवा, बटाटा आणि घेवडा लवकर खराब होतात. उरलेले फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी तव्यावर कुरकुरीत करा. छान लागतात, मात्र मऊपणा परत येत नाही.