ट्यूब प्रीअँपचं हमिंग आणि शांत डीसी हीटर सप्लाय

ट्यूब प्रीअँपमध्ये हमिंग येतंय आणि संशय हीटरच्या (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेच्या) एसीवर असेल, तर डीसी सप्लाय बांधायला सोल्डरिंग आयर्न गरम करायच्या आधी एक टेस्ट करा. यूपीएसमधली १२ व्होल्टची फुल चार्ज बॅटरी घ्या, ती साधारण १२.६-१२.७ व्होल्ट देते आणि ईसीसी८३ या प्रीअँप ट्यूबच्या हीटरला नेमके तेवढेच हवे असतात. एचटीचे (ट्यूबच्या हाय व्होल्टेज सप्लायचे) कपॅसिटर डिस्चार्ज करा (तिथे २५०-३०० व्होल्ट असतात, घाई नको), हीटरच्या जुन्या वायरी काढा, बॅटरी एक अँपच्या फ्यूजमधून पिन ४ आणि ५ ला जोडा, ९ मोकळी ठेवा, आणि मायनस एकाच ठिकाणी सिग्नल ग्राउंडला द्या. आता ऐका. हमिंग तसंच असेल तर हीटरला बोल लावू नका, ग्राउंड वायरिंग बघा. बरेच जण हे न करताच थेट पार्ट आणायला पळतात.

बॅटरीवर शांत झालं ना, मग बांधा. दोन ईसीसी८३ म्हणजे १२.६ व्होल्टला ३०० मिलीअँप. मुंबईत लॅमिंग्टन रोडला १५-०-१५ चा एक अँपचा ट्रान्सफॉर्मर सहज मिळतो, त्याची एकच बाजू (मधली आणि एका टोकाची वायर) वापरा. १२ व्होल्टचा घेऊ नका, कारण ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आणि रिपल (डीसीवर उरलेली लहर) जाऊन एलएम३१७ या रेग्युलेटर चिपच्या इनपुटला खालच्या टोकाला १५ च्या आसपासच उरतात, रेग्युलेटरला आउटपुटच्या वर दोन-अडीच व्होल्ट तरी लागतात, आणि संध्याकाळी लाइन जरा उतरली की १०० हर्ट्झचा रिपल सरळ ट्यूबमध्ये.

ब्रिजनंतर ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर. यावर साधारण ०.६ व्होल्ट रिपल राहतो, तो एलएम३१७ खातो. त्याच्या पायांमध्ये आउटपुट ते अ‍ॅडजस्ट २२० ओहमचा रेझिस्टर, अ‍ॅडजस्ट ते मायनस २ के, झाले १२.७ व्होल्ट. अ‍ॅडजस्टवर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकायला कंटाळू नका, रिपल रिजेक्शन ६५ वरून ८० डीबीपर्यंत जातं, फक्त मग अ‍ॅडजस्टकडून आउटपुटकडे एक १एन४००७ डायोड लावा. दोन वॉटच्या आसपास उष्णता होते म्हणून हीटसिंक हवाच, आणि चिपचा धातूचा टॅब आउटपुटला असतो, तेव्हा मधे इन्सुलेशनला मायका.

आता खरी मेख. ब्रिज ते पहिला कपॅसिटर या वायरीत करंटचे मोठे झटके जातात, त्या आखूड ठेवा, एकमेकींना पिळून. पुढचं सगळं, २ के चं खालचं टोकसुद्धा, कपॅसिटरच्या मायनस पायापासूनच घ्या, ब्रिजच्या पायापासून नाही. चॅसीचा रिटर्न म्हणून वापर अजिबात नको. इथे चुकलं तर ५० हर्ट्झचं हमिंग जाऊन १०० चं कर्कश बझ येतं, जे जास्त डोकं उठवतं.

ईएल३४ सारख्या पॉवर ट्यूबना दीड अँप लागतो, त्यांना पिळलेल्या वायरीने एसीच द्या, तिथे सिग्नल मोठा असतो, फरक ऐकूच येत नाही. आणि त्यांचं ६.३ व्होल्टचं वाइंडिंग सेंटर टॅपने ग्राउंड असेल तर त्यावरच ब्रिज लावून डीसी मायनस परत ग्राउंड करू नका, डायोडमधून सरळ शॉर्ट होतो.