कवीने प्रकाशनसंस्था काढताना: जेम्स लॉफलिन यांच्या आयुष्यावरून

परभणी, अंबाजोगाई किंवा नांदेडला राहून कविता लिहिणाऱ्या आणि मराठवाड्यातील इतर कवींची पुस्तके स्वतः काढू इच्छिणाऱ्याने कागद आणि छापखान्याची चौकशी करण्याआधी अमेरिकन कवी आणि प्रकाशक जेम्स लॉफलिन यांचे आयुष्य समजून घ्यावे. पिट्सबर्गच्या पोलाद कारखानदार घराण्यात १९१४ साली जन्मलेले लॉफलिन कविता शिकण्यासाठी इटलीतील रापालो येथे अमेरिकन कवी एझरा पाउंड यांच्याजवळ राहिले. तुझ्या हातून चांगली कविता होणार नाही, काहीतरी उपयोगाचे काम कर, असे पाउंड यांनी आपल्याला सुनावल्याचे ते पुढे सांगत. हार्वर्डमध्ये शिकत असतानाच, १९३६ साली, त्यांनी 'न्यू डिरेक्शन्स' ही प्रकाशनसंस्था काढली.

त्यांच्या पाठीशी घरचा पैसा होता. आपल्याकडे तो नसतो, म्हणून पहिल्या वर्षी एकाच कवीचे पाच फर्म्यांचे, म्हणजे ८० पानांचे पुस्तक हाती घ्यावे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. १९५४ च्या कायद्यानुसार पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवावी लागते.

खरी परीक्षा पुस्तक निघाल्यानंतर सुरू होते. १९३७ मध्ये लॉफलिन यांनी काढलेली, अमेरिकन कवी विल्यम कार्लोस विल्यम्स यांची 'व्हाइट म्यूल' ही कादंबरी गाजू लागली तेव्हा लॉफलिन स्कीइंगसाठी न्यूझीलंडला गेले होते, पुरेशा प्रती बांधून तयार नव्हत्या आणि विल्यम्स दुखावले गेले. या प्रसंगावरून एवढे नक्की करावे की, ग्रंथोत्सवाच्या किंवा साहित्य संमेलनाच्या दिवसांत प्रकाशक गावात हवा, बाइंडरशी वाढीव प्रतींचे आधीच बोलून ठेवलेले हवे आणि पुस्तकांचे गठ्ठे ठेवलेल्या खोलीची किल्ली विश्वासू माणसाकडे हवी.

लॉफलिन यांची मोठी गोष्ट मला वेगळीच वाटते: ज्यांची पुस्तके खपत नव्हती असे कवी त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळले. जर्मन लेखक हेरमान हेसे यांच्या 'सिद्धार्थ' या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद त्यांनी १९५१ मध्ये काढला, पुढे तरुण वाचकांनी तो उचलून धरला आणि त्याच्या विक्रीचा आधार कवितेच्या पुस्तकांना मिळाला. तेव्हा आपल्या यादीतही कवितेच्या जोडीला एखादा कसदार अनुवाद किंवा कादंबरी ठेवावी, तिच्या उत्पन्नाची वही वेगळी लिहावी आणि कोणत्याही कवीच्या शेवटच्या ३० प्रती उरल्या की त्या वहीतून पुनर्मुद्रणाचा कागद घ्यावा.