छळछावणीचं स्मारक बघायला जाताय? आखणी नाशकातच करून निघा

गंगापूर रोडवरच्या माझ्या ऑफिसात युरोपची चौकशी करायला येणारी मंडळी हल्ली पॅरिस-स्वित्झर्लंडचं बोलून झालं की विचारतात, ‘ते हिटलरच्या छळछावणीचं ठिकाण पण घेता येईल का?’ घेता येतं. छोटे ग्रुप घेऊन मी बरीच वर्षं जातोय. माझा अनुभव असा, की तिथं एखादा माणूस वावगं वागला तर बहुतेक वेळा दोष त्याच्या दिवसाच्या आखणीचा असतो. पहाटे उठवलेला, बसमध्ये अर्धवट झोपलेला, दुपारी दुसऱ्या कशाचं तरी तिकीट काढून ठेवलेलं, आणि मधल्या तीन तासांत ही जागा ‘उरकायची’. असा माणूस घड्याळ बघणार, सेल्फी काढणार, आणि गाइड बोलत असताना बायकोला विचारणार, जेवण कुठं आहे म्हणून.

तेव्हा पहिला प्रश्न: कुठली छावणी? नाव ऐकलेलं असतं ते ऑशविट्झचं, म्हणून सगळ्यांना तेच हवं असतं. ते पोलंडमध्ये आहे, क्राकोवपासून साधारण ६५-७० किलोमीटरवर, ओश्विएंचिम नावाच्या गावात. तुमची सहल जर्मनी, ऑस्ट्रिया, प्राग अशी असेल तर नुसत्या नावासाठी आडवाट करून, रात्रभर बसमध्ये अंग मोडून तिथं जाऊ नका. म्युनिकजवळ डाखाऊ आहे, बर्लिनच्या उत्तरेला साक्सेनहाउझेन, वायमारजवळ बुखेनवाल्ड, ऑस्ट्रियात लिंझजवळ माउथहाउझेन, प्रागच्या उत्तरेला तेरेझीन. डाखाऊ ही नाझींची पहिली नियमित छळछावणी, २२ मार्च १९३३ ला सुरू झालेली, म्हणजे हिटलर सत्तेवर आल्यावर दोन महिन्यांच्या आत. सुरुवातीला तिथं कोंडले ते राजकीय विरोधक. पुढं बारा वर्षांत दोन लाखांवर कैदी तिथं आले आणि सुमारे ४१,५०० मेले. म्युनिकहून एस-टू लोकलनं डाखाऊ स्टेशन, तिथून ७२६ नंबरची बस. प्रवेश फुकट, २४ डिसेंबर सोडून रोज ९ ते ५ उघडं, आणि एकट्यादुकट्याला आधी बुकिंगही लागत नाही.

मात्र डाखाऊ आणि ऑशविट्झ या दोन जागा एकसारख्या नाहीत, हे जायच्या आधी माहीत हवं. डाखाऊत माणसं उपासमारीनं, रोगानं, कष्टानं आणि गोळ्यांनी मेली. गॅस चेंबर बांधलेलं होतं, पण सामूहिक हत्येसाठी ते वापरलं गेलं नाही. ऑशविट्झला जोडलेली बिर्केनाऊ ही छावणी मात्र माणसं मारण्याचं केंद्र बनली. ऑशविट्झच्या सगळ्या छावण्या मिळून साधारण अकरा लाख माणसं मेली, त्यांतले दहा लाखांच्या आसपास ज्यू. उरलेल्यांत पोलिश, रोमा (म्हणजे जिप्सी) आणि सोव्हिएत युद्धकैदी मोठ्या संख्येनं होते. ‘सगळीकडे तेच असतं’ असं आपलं एखादं काकामंडळ बसमध्ये छातीठोकपणे सांगत असतं. त्यांना आधीच गाठून दोन गोष्टी सांगून ठेवलेल्या बऱ्या.

आता दिवस. ऑशविट्झला अख्खा दिवस द्या. क्राकोवमधले एजंट ‘ऑशविट्झ आणि वेलिच्काची मिठाची खाण, एकाच दिवसात’ असं पॅकेज विकतात आणि ते स्वस्त पडतं, म्हणून आपली मंडळी हमखास घेतात. घेऊ नका. मागं एका एजंटानं मला न विचारता आमच्या गाडीला असं जोडकाम लावून दिलं होतं. बिर्केनाऊला पोचेपर्यंत ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. खाण सुंदर आहे, तिला दुसरा दिवस द्या. छावणीचा दिवस सहलीच्या अगदी पहिल्या दिवशी नको, कारण मुंबईहून उडून गेलेला माणूस पेंगत असतो. अगदी शेवटच्या दिवशीही नको, त्या दिवशी सगळ्यांचं डोकं बॅगेच्या वजनात असतं.

बुकिंगचं थोडक्यात सांगतो. ऑशविट्झमध्ये प्रवेश फुकट असला तरी प्रवेशपत्र आधी घ्यावं लागतं, आणि ते संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावं. साधारण तीन महिने आधी तारखा खुल्या होतात आणि उन्हाळ्यातल्या लवकर संपतात. गर्दीच्या काळात दिवसाचा बराच वेळ मूळ छावणीत गाइडशिवाय सोडत नाहीत. गाइडचे पैसे वेगळे, आणि ते जरूर द्या. प्रवेशपत्रावर नाव असतं आणि दारात ओळखपत्र बघतात. आपल्याकडे घोळ होतो तो इथं: पासपोर्टवर ‘वंदना सुरेश’ हे नाव आणि ‘पाटील’ हे आडनाव, आणि बुकिंग करणाऱ्या पोरानं घाईत नुसतं ‘वंदना पाटील’ टाकलेलं. पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न अक्षर उतरवा. १ जानेवारी, २५ डिसेंबर आणि ईस्टरचा रविवार, या दिवशी बंद असतं. वेळेच्या अर्धा तास आधी पोचा, विमानतळासारखी तपासणी होते.

कुणी यायचं, यावर मी वाद घालतो आणि गिऱ्हाईक गेलं तरी चालेल म्हणतो. चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नये, असं ऑशविट्झचं संग्रहालयच सांगतं. ‘आमचा नातू फार हुशार आहे हो’ हे मी किती आजोबांकडून ऐकलंय! हुशार आहे म्हणूनच नको. त्याला रात्री झोप लागणार नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्याला कंटाळा येईल आणि तो रुळांवर पळेल. आई-बाबांपैकी एकानं मुलाबरोबर क्राकोवला थांबावं, वावेलचा किल्ला दाखवावा, आणि जमलं तर दुसऱ्यानं नंतर कधी जावं. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना मी सरळ अंतर सांगतो. मूळ छावणीत खडबडीत वाटा आणि विटांच्या इमारतींतले झिजलेले जिने. तिथून तीन-साडेतीन किलोमीटरवर बिर्केनाऊ, मध्ये फुकट बस. बिर्केनाऊ म्हणजे उघडं माळरान. दारापासून स्मारकापर्यंत जवळपास एक किलोमीटर चाल, सावली नाही, बसायला जागा नाही, आणि हिवाळ्यात वारा असा की सापुताऱ्याला घेतलेलं स्वेटर काही कामाचं नाही.

बॅग ३५ बाय २५ बाय १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी आत नेता येत नाही. म्हणजे ठेपले, चिवडा, चकलीचा डबा भरलेली ती सुप्रसिद्ध पिशवी बाहेरच. आत खायचंही नसतं. पाण्याची बाटली, औषध, पासपोर्ट, रुमाल, बस्स. नाश्ता हॉटेलात पोटभर करा, कारण दुपारचं जेवण उशिरा होतं आणि भुकेला माणूस चिडतो.

कपडे साधे घाला. साडीला कुणाची हरकत नाही, कडक रंगाची पैठणीसुद्धा कुणी अडवणार नाही, पण माझं मत विचाराल तर ती प्रागच्या पुलासाठी ठेवा. टूर कंपनीच्या एकसारख्या टोप्या त्या दिवशी बसमध्येच राहतात, आमच्या नावाचा बॅनरसुद्धा. बॅनर धरून ग्रुप फोटो तिथं नाही, हे मी मुंबईच्या विमानतळावरच जाहीर करतो.

आणि स्वस्तिक. हे मी ऑफिसातल्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ सांगतो, कारण आपल्याकडे ते कुठं कुठं असतं ते आपल्या लक्षातच येत नाही. गळ्यातल्या पदकावर, किल्लीच्या साखळीवर, देवीच्या प्रसादाच्या पुडीवर, सराफानं दिलेल्या ‘शुभ लाभ’ छापलेल्या कापडी पिशवीवर, नव्या नवरीच्या मेंदीत. एक वहिनी म्हणाल्या, ‘अहो, ते आपलं हजारो वर्षांचं मंगलचिन्ह आहे, त्यांनी वाकडं केलं तर आपण का लाजायचं?’ लाजायचं काहीच नाही. पण तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईची आजी तिथं मेलेली असू शकते, आणि तिला तुमच्या पिशवीवरून भारतीय संस्कृतीचा इतिहास समजावून घ्यायची वेळ ती नाही. शिवाय जर्मनीत नाझी चिन्हं जाहीरपणे मिरवणं हा गुन्हा आहे. आपलं चिन्ह धार्मिक आहे हे खरं, पण ते दारातल्या पहारेकऱ्याला पटवत बसायचं कशाला? पदक हॉटेलच्या तिजोरीत, पिशवी घरी. मेंदी काढायचीच असेल तर नुसती वेलबुट्टी काढा.

त्याच बैठकीत दुसरी एक गोष्ट सांगतो. कडक हेडमास्तर, शिस्तीचे सासरे, सगळ्यांना आपण गमतीनं ‘हिटलर’ म्हणतो. कुणीतरी ‘देशाला असाच माणूस पाहिजे’ असंही बोलून जातो. इंग्रजी शब्द मध्ये आले की हे आजूबाजूच्यांना बरोबर कळतं. तो एक दिवस ती गंमत नको.

जायच्या आधी थोडी ओळख हवी. मी कोल्हापूरजवळच्या वळिवड्यापासून सुरुवात करतो, कारण ते आपलं आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. पण नीट समजून घ्या, ती माणसं नाझी छावण्यांतून आलेली नव्हती. सोव्हिएत सत्तेनं त्यांना पोलंडमधून उचलून सायबेरिया आणि मध्य आशियाकडं नेलं होतं, तिथून सुटून ती इराणमार्गे इकडं आली. पोलिश गाइडशी बोलताना हे दोन धागे एकमेकांत गुंतवू नका, त्यांना ते लगेच खटकतं. डाखाऊला जाणार असाल तर नूर इनायत खानची माहिती वाचून जा. वडील बडोद्याचे सूफी गायक. ब्रिटिशांची रेडिओ ऑपरेटर म्हणून ती जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये उतरली, पकडली गेली, आणि १३ सप्टेंबर १९४४ ला तिला डाखाऊत इतर तीन स्त्रियांबरोबर गोळी घातली. दहनभट्टीच्या इमारतीत त्यांच्या नावांची पाटी आहे. आपली मंडळी तिथं आपण होऊन हात जोडतात, ते छान वाटतं.

आता प्रत्यक्ष तिथं. आमची बस हॉटेलसमोरून निघताना ‘गणपती बाप्पा मोरया’ होतं, ते होऊ दे. ओश्विएंचिमच्या पार्किंगमध्ये मात्र उतरायचं ते आवाज खाली करून, मोबाइल सायलेंटवर. आत शिरताना काँक्रीटच्या उंच भिंतींमधून वाट जाते आणि मारल्या गेलेल्यांची नावं एकेक करून ऐकू येतात. तिथं गप्पा मारत चालू नका, एवढंच सांगणं. गाइडचं बोलणं हेडफोनमधून येतं, त्यामुळं भाषांतर करायची हौस आवरा. शेजारच्याला मराठीत समजावायला लागलात की त्याचंही बुडतं, तुमचंही. शंका बसमध्ये.

फोटो फ्लॅशशिवाय काढता येतात, पण दोन ठिकाणी अजिबात नाही: चार नंबरच्या इमारतीत कैद्यांचे कापलेले केस ठेवलेत तो कक्ष, आणि अकरा नंबरच्या इमारतीचं तळघर. बाकी ठिकाणी परवानगी आहे म्हणजे काढलेच पाहिजेत असं नाही. बिर्केनाऊच्या रुळांवर तोल सावरत चालतानाचे फोटो लोक काढत होते, तेव्हा संग्रहालयाला २०१९ मध्ये जाहीर विनंती करावी लागली होती. आत जाणारे ते रूळ १९४४ च्या वसंतात टाकले, आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आसपास हंगेरीतून चार लाखांहून जास्त ज्यू तिथं आणले. बहुतेकांना उतरल्याबरोबर मारलं.

पाच नंबरच्या इमारतीत थोडं जास्त थांबा. काचेमागं बॅगांचा ढीग आहे. संग्रहालयाकडं अशा सुमारे ३,८०० बॅगा आहेत आणि २,१०० वर मालकांची नावं आहेत. पांढऱ्या रंगात, हातानं, मोठ्या अक्षरांत: नाव, गाव, कुठं कुठं जन्मसाल. बॅग हरवू नये म्हणून लिहिलेलं. मी माझ्या प्रत्येक ग्रुपला निघण्यापूर्वी हेच सांगतो, बॅगेवर नाव लिहा, गाव लिहा, लाल रिबन बांधा. त्यांनाही कुणीतरी सांगितलंच असणार की सामान नंतर मिळेल. काही बॅगांवरची अक्षरं अगदी शाळेतल्यासारखी वळणदार आहेत, आणि काहींवर शेवटची अक्षरं जागा कमी पडली म्हणून दाटीनं कोंबलेली. इथं गर्दी मागून ढकलते, तेव्हा भिंतीकडं सरकून उभं राहायचं म्हणजे वाचता येतं.

बिर्केनाऊच्या टोकाला, मोडलेल्या दहनभट्ट्यांपाशी तळी आहेत, त्यांत माणसांची राख टाकलेली आहे. काठावर काळ्या दगडाच्या पाट्या आहेत. रामकुंडावर अस्थिविसर्जन बघत वाढलेल्या आपल्याला अशा पाण्यापाशी हात जोडावेसे वाटतात, काहीतरी वाहावंसं वाटतं. हात जोडा. पण पाण्यात फूल, नाणं, गंगाजल काही टाकू नका, त्या पाण्याला हातही लावू नका. ज्यूंमध्ये स्मृतिस्थळी छोटा खडा ठेवायची पद्धत आहे, पाट्यांवर तसे खडे दिसतील. तुम्हाला ठेवायचा असेल तर बाहेरून आणलेला ठेवा. छावणीच्या जमिनीवरची कुठलीही वस्तू उचलायची नाही, आठवण म्हणून विटेचा तुकडा तर मुळीच नाही.

परतीच्या बसमध्ये अंताक्षरी नाही, हिंदी सिनेमा नाही. मी कुणाला बोलतं करायचा प्रयत्नही करत नाही. संध्याकाळी ‘पारंपरिक नृत्य आणि डिनर’ असं काही बुक करू नका. आम्ही राइस कुकर बरोबर नेतो, त्या रात्री मुगाची खिचडी, तूप, लोणचं. कुणी दोन घास खातं, कुणी तिसऱ्यांदा वाढून घेतं, दोन्ही ठीक. आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या आधी बस लावू नका. वेलिच्काची खाण त्या दिवशी घ्या. तिथं सुरुवातीलाच साडेतीनशेच्या वर पायऱ्या उतरायच्या असतात, तेव्हा बिर्केनाऊत ज्यांचे गुडघे बोलले त्यांनी वरच कॉफी घेत बसावं.