गाडीत अर्थिंग किट बसवताना: आधी मोजा, मग घासा, मग वायर जोडा

सेल्फ मारला की इंजिन जड फिरतं. हॉर्न दाबला की हेडलाइट मंदावतात. दिवे लावले की तापमानाचा काटा उगाच वर सरकतो. बॅटरी नवी टाकली तरी तक्रार तशीच राहते. अशा गाडीत पहिला संशय अर्थिंगवर, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या वायरी आणि जोडांवर, घ्यावा. विशेषतः गाडी दहा-बारा वर्षांची असेल आणि तिने रत्नागिरी-मालवणची खारी हवा किंवा मुंबईचे पावसाळे काढलेले असतील, तर नक्कीच.

बाजारात ‘अर्थिंग किट’ किंवा ‘ग्राउंडिंग किट’ म्हणून चार-पाच जाड वायरींचा संच मिळतो. ही पद्धत जपानी गाडीशौकिनांकडून आली. विकणारे पिकअप वाढतो, मायलेज वाढतं असं सांगतात. माझं स्पष्ट मत असं, की मूळ अर्थिंग धड असलेल्या गाडीत या किटने तुम्हाला जाणवेल असा काही फरक पडत नाही. मूळ अर्थिंग खराब असेल, तर मात्र हेच काम फार उपयोगी ठरतं, आणि त्यातही निम्मं श्रेय वायरीपेक्षा घासून साफ केलेल्या जोडाचं असतं.

नेमकं काय बिघडतं

बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून करंट वायरीतून जातो, पण परत येतो तो गाडीच्या पत्र्यातून आणि इंजिनच्या धातूतून. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून कंपनी इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत आणि बॅटरीपर्यंत वेगळी वायर किंवा तांब्याची विणलेली पट्टी देते. ही पट्टी गंजली किंवा कुणी गिअरबॉक्स उतरवताना सोडून पुन्हा लावायची विसरलं, तर करंट दुसरी वाट शोधतो. जुन्या गाड्यांमध्ये ती वाट बरेचदा क्लचची किंवा अॅक्सिलरेटरची केबल असते. सेल्फचा करंट त्या बारीक तारेतून गेला की केबल तापते, आतलं प्लॅस्टिक वितळतं आणि केबल जाम होते. मेकॅनिक केबल बदलून देतो, काही महिन्यांनी नवी केबलही जाम होते. क्लच केबल वारंवार जाम होत असेल, तर इंजिनची अर्थिंग पट्टी जागेवर आहे का ते आधी बघा.

आता थोडा हिशेब. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ साधारण १०० ते २०० अँपिअर ओढतो. वाटेत फक्त ०.०१ ओहम रोध असेल आणि करंट १५० अँपिअर असेल, तर १.५ व्होल्ट त्या जोडातच खर्च होतात. सेल्फ मारताना बॅटरी आधीच १०-११ व्होल्टपर्यंत खाली येते, त्यातून हे दीड व्होल्ट गेले तर सेल्फ जड फिरणारच. एवढा सूक्ष्म रोध मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर दिसत नाही, कारण मीटरच्या प्रोबच्या वायरींचाच रोध त्याहून कितीतरी जास्त असतो. म्हणून ओहम मोजत बसू नका, करंट वाहत असताना व्होल्ट मोजा.

पायरी १: मोजणी

साधा डिजिटल मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, २ व्होल्टच्या रेंजवर ठेवा. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा. खांबावर म्हणजे शिशाच्या गोल खुंटावरच, त्याला आवळलेल्या क्लॅम्पवर नव्हे. कित्येकदा सगळा दोष या दोघांच्या मधल्या फटीतच असतो. लाल प्रोब इंजिनच्या रंग नसलेल्या धातूवर दाबून धरा. इंजिन उचलण्यासाठी दिलेला लोखंडी हुक यासाठी सोयीचा असतो.

आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. गाडी चटकन सुरू होऊन आकडा टिपता येत नसेल, तर फ्यूल पंपाचा फ्यूज काढून ठेवा. एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मीटर ०.२ व्होल्टच्या आत राहिला तर इंजिनचं अर्थिंग उत्तम आहे. ०.५ च्या पुढे गेला तर दोष नक्की.

दुसरी मोजणी गाडी चालू ठेवून करा; फ्यूल पंपाचा फ्यूज काढला असेल तर आधी परत लावा. हेडलाइट, एसीचा ब्लोअर, मागच्या काचेचा डिफॉगर सगळं चालू करा. लाल प्रोब आधी इंजिनवर, मग बॉडीवर टेकवा. इथे ०.१ व्होल्टच्या आत आकडा हवा. इंजिनवर आकड्याआधी उणे चिन्ह दिसलं तर घाबरू नका. अल्टरनेटर चार्ज करत असताना करंट उलट दिशेने वाहतो, म्हणून तसं दिसतं. चिन्ह सोडा, आकडा पाहा. सगळे आकडे कागदावर लिहून ठेवा, काम झाल्यावर लागतील.

पैसे खर्च करण्याआधी आणखी एक फुकटची चाचणी आहे. जंप स्टार्टची काळी केबल घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या हुकाला लावा. सेल्फ मारा. इंजिन एकदम तरतरीत फिरलं, तर तुमच्या गाडीला वायरीची गरज आहे. काहीच फरक पडला नाही, तर बॅटरी, सेल्फ किंवा पॉझिटिव्हची बाजू तपासा आणि किटचे पैसे वाचवा.

पायरी २: सामान

तयार किट घेणार असाल तर वायर आतून तांब्याची आहे का ते बघा. स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असतं. एक तार काढून ब्लेडने खरवडा, आतून पांढरी निघाली तर ते किट परत करा. रंगीत पारदर्शक आवरणाला भुलू नका.

मला स्वतः वायर कापून बनवलेलं किट जास्त भरवशाचं वाटतं. बारीक तारांची तांब्याची लवचिक वायर घ्या. बॉडीसाठी १६ चौरस मिलिमीटर पुरते, इंजिनकडे जाणारी २५ ची घेतली तर उत्तम. एक मीटर १६ ची तांब्याची वायर म्हणजे साधारण ०.००१ ओहम, म्हणजे वरच्या हिशेबातल्या खराब जोडाच्या रोधाचा दहावा भाग. तांब्याची वेल्डिंग केबलही चालते, पण तीही अॅल्युमिनियममध्ये मिळते, तेव्हा दुकानदाराला विचारून घ्या. टोकांना कथिलाचा मुलामा दिलेले तांब्याचे लग (बोल्टसाठी भोक असलेली टोकं) लावायचे. लगवर ‘१६-८’ असं लिहिलेलं असतं: १६ म्हणजे वायरीचं माप, ८ म्हणजे किती मिलिमीटरच्या बोल्टसाठी भोक आहे ते. बॉडीचे बोल्ट बहुधा ६ चे, इंजिनवरचे ८ चे. खात्री करून मगच घ्या. पुण्यात बुधवार पेठेत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं सामान मिळतं. तालुक्याच्या गावी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे विचारा.

लग पकडीने चेपून चालत नाही. हायड्रॉलिक क्रिम्पिंगच्या पान्याने दाबून घ्यावा. सेल्फ-डायनॅमोची कामं करणारे इलेक्ट्रिशियन थोड्या पैशांत ते करून देतात. नुसतं सोल्डर करू नका. सोल्डर तारांमध्ये वर चढतं, तिथे वायर कडक होते आणि इंजिनच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. क्रिम्प झाल्यावर वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी) चढवा.

याशिवाय १०, १२ आणि १३ नंबरचे पाने, तारेचा ब्रश, ८० ते १२० नंबरचा पॉलिश पेपर, दातेरी वॉशर, केबल टाय, पन्हळी फ्लेक्सिबल पाइप आणि पेट्रोलियम जेली एवढं जवळ ठेवा.

पायरी ३: बॅटरी सोडवा

इंजिन गार हवं, हँडब्रेक ओढलेला, किल्ली बाहेर. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. गाडी बंद करून दहा मिनिटं थांबा आणि मग आधी निगेटिव्ह काढा. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो.

दोन गोष्टी इथेच पाहून घ्या. निगेटिव्ह टर्मिनलवर एखादी चपटी डबी असेल आणि तिला बारीक वायरीचा कनेक्टर जोडलेला असेल, तर तो बॅटरी सेन्सर आहे. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांमध्ये तो हमखास असतो. अशा गाडीत किटची वायर बॅटरीच्या खांबावर कधीही लावू नका, नाहीतर तिच्यातून जाणारा करंट सेन्सरला दिसत नाही आणि चार्जिंगचा सगळा हिशेब चुकतो. सेन्सरपासून निघालेली मूळ वायर बॉडीला जिथे आवळली आहे, तिथून सुरुवात करा. दुसरं, हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबलींना हात लावायचा नाही. गाडी वॉरंटीत असेल तर हे काम सर्व्हिस सेंटरलाच करू द्या.

पायरी ४: घासा

खरं काम हेच आहे, त्यामुळे इथे घाई करू नका. आधी मूळ अर्थिंगचे सगळे बोल्ट शोधा: बॅटरीच्या ट्रेखाली, गिअरबॉक्सवर, फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा). एकेक सोडा. लगच्या खालच्या बाजूला काळपट थर दिसेल, कडेने हिरवट बुरशीसारखं तांबं फुटलेलं दिसेल. विणलेली पट्टी बोटांनी वाकवून पाहा. तारा कुरकुरत तुटत असतील तर ती बदलावीच लागेल. टर्मिनलवर पांढरा भुगा जमला असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ब्रशने धुवा आणि पूर्ण कोरडं करा. ते पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका.

बॉडीवर जिथे लग बसणार, तिथला रंग लगच्या गोलापेक्षा किंचित मोठा असा घासून काढा. पत्रा चांदीसारखा चमकला पाहिजे. राखाडी दिसत असेल तर तो प्रायमर आहे, अजून घासा. इतकं करून पुन्हा सगळं आवळलं आणि मोजलं, तर कित्येक गाड्यांमध्ये आकडा इथेच सुधारतो. तसं झालं तर नवी वायर लावायची घाई नाही.

पायरी ५: वायरी जोडा

मूळ वायर कापायची किंवा काढायची नाही. आपली वायर तिला जोड म्हणून लागते.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची वायर बॅटरी निगेटिव्हपासून इंजिनपर्यंत: हुकाचा बोल्ट किंवा अल्टरनेटरच्या ब्रॅकेटचा बाहेरचा बोल्ट. दुसरी निगेटिव्हपासून बॉडीपर्यंत, शॉक अॅब्सॉर्बरच्या टॉवरजवळच्या किंवा आतल्या बाजूच्या मोकळ्या बोल्टला. शॉक अॅब्सॉर्बर ज्या नटांवर बसला आहे ते सोडू नका. तिसरी इंजिनपासून फायरवॉलवरच्या अर्थिंग बोल्टपर्यंत. छोट्या गाडीला एवढं पुरतं. इनटेक मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या भागाला) वायर द्या असं काही किटच्या कागदावर लिहिलेलं असतं. आजच्या बहुतेक गाड्यांत तो प्लॅस्टिकचा असतो, तिथे वायर लावून काहीच होत नाही.

हेडचे बोल्ट, इंजेक्टर, फ्यूल रेल, ब्रेकचे पाइप, एबीएसचं युनिट, एसीचे पाइप यांच्या बोल्टना अजिबात हात लावू नका.

लग थेट चमकत्या धातूवर, त्यावर दातेरी वॉशर, मग बोल्ट. एका बोल्टखाली दोनापेक्षा जास्त लग रचू नका. अॅल्युमिनियममध्ये जाणारा ६ चा बोल्ट जोर लावून आवळला तर आटे निघतात. छोटा पाना वापरा आणि मनगटाच्या जोराने आवळा. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा आणि आजूबाजूच्या उघड्या पत्र्याला टचअपचा रंग द्या, नाहीतर पहिल्याच पावसात तिथे गंज धरतो.

इंजिनकडे जाणाऱ्या वायरीला ढील ठेवा. सेल्फ मारताना आणि गिअर टाकताना इंजिन हलतं, ताणलेली वायर लग उपटून काढते. सायलेन्सरचा मॅनिफोल्ड, रेडिएटरचा पंखा, बेल्ट आणि स्टिअरिंगचा रॉड यांच्यापासून वायर लांब न्या, पाइपात घाला, केबल टायने बांधा. या वायरीला फ्यूज लागत नाही, कारण ती घासून बॉडीला टेकली तरी बॉडी म्हणजे निगेटिव्हच. पण बॅटरीच्या पॉझिटिव्हला किंवा अल्टरनेटरच्या जाड लाल वायरीच्या टोकाला ती टेकली तर आग लागू शकते, म्हणून तिकडून नेऊच नका.

पायरी ६: पुन्हा मोजा

निगेटिव्ह शेवटी जोडा. फ्यूल पंपाचा फ्यूज पुन्हा काढला असेल तर सेल्फची मोजणी संपल्यावर परत लावा. घड्याळ लावावं लागेल, काही गाड्यांत खिडकीचं ऑटो बटण पुन्हा शिकवावं लागतं, आणि आयडलिंग थोडा वेळ वरखाली होऊ शकतं. मग पहिल्या पायरीतल्या सगळ्या मोजण्या त्याच जागांवर करा आणि कागदावरच्या आकड्यांशेजारी लिहा. इंजिनचा आकडा ०.६ वरून ०.१५ वर आला तर काम फत्ते. अर्धवट उतरला तर कुठला तरी जोड अजून खराब आहे: एकेका जोडाच्या दोन्ही बाजूंना प्रोब लावून, सेल्फ मारून, व्होल्ट कुठे अडकतात ते शोधा.

आठवडाभराने सगळे बोल्ट पुन्हा आवळून पाहा, पावसाळा संपल्यावर एकदा. आणि डावा इंडिकेटर दिला की मागचा ब्रेक लाइट मिणमिणत असेल, तर त्याचं अर्थिंग डिकीत, दिव्याच्या मागे आहे. तो बोल्ट वेगळा काढून तसाच घासावा लागेल.